पायरी उतरल्यावर

सकाळी संगणक उघडला तर चित्रच बदललेलं.
निळा चौकोन जाऊन तिथं
पीळ दिलेल्या लडीसारखं काहीतरी रंगीत
आणि खाली नाव : सोबती.
कालपर्यंत ते 'कचेरी प्लस' होतं,
त्याआधी नुसतं 'कचेरी',
आणि एकोणीस वर्षांपूर्वी मी इथं लागले तेव्हा
सीडीवर आलेलं,
एकदा पैसे मोजले की आपलं.

राजमल्लू शेठनी चष्मा कपाळावर सरकवला.
"आतलं बदललंय का नुसतं लेबल?"
टॉवेलवाल्याचा प्रश्न.
मागच्या दिवाळीआधी आम्हीच
'हंसवेल'ची लेबलं उसवून
'रॉयल हंसवेल' शिवलं होतं.
माग तोच, सूत तेच,
डझनामागं चाळीस रुपये जास्त.
मी काही बोलले नाही.
शेठना ते ऐकू गेलं.

"बेरजा तशाच होतात, शेठ.
एक मदतनीस घातलाय आत,
न सांगता पत्रं लिहून देतो."
"आपण मागवला होता?"
"नाही."
"पगार कुणाचा?"
"आपलाच. माणशी, महिन्याला, वर जीएसटी."

मग पाठकोऱ्या चलनावर मी रकाने आखले.
एकट्याचा प्लॅन.
कुटुंबाचा, सहा जणांपर्यंत
(शेठच्या घरी अकरा,
धाकट्याची चूल वेगळी धरली तरी आठ),
शिवाय तो धंद्याला चालत नाही.
धंद्याचा साधा : तो फक्त नेटवर उघडतो,
म्हणजे अक्कलकोट रोडला लाइट गेली
की मागाबरोबर शिल्लकही थांबणार.
त्यावरचा संगणकात उतरतो.
त्याच्याही वरचा कशासाठी,
ते तीनदा वाचूनही उमगलं नाही.
त्या रकान्यात मी 'उमगलं नाही' असं लिहिलं
आणि किंमत.

शेठ बराच वेळ चलन बघत राहिले.
"म्हणजे भाड्याचा माग की हो हा.
आमच्या नायनानं चौदा वर्षं काढली तशी, साखर पेठेत.
एका शनिवारी भाडं चुकलं
तर मालक धोटा घेऊन गेला.
माग तिथंच. समोर.
बघा, विणू नका."

बारीक अक्षरातली ओळ माझ्या बोटाखाली होती :
मुदत संपल्यावर फायली दिसतील,
बदलता येणार नाहीत.
मी बोट तिथून उचललं नाही.

"रद्द कर," शेठ म्हणाले.

रद्दचं बटण चौथ्या पानावर, फिकट.
दाबताना हाताला घाम.
आणि बघते तर काय, पडद्यावर :
थांबा! मदतनीस नको असल्यास
जुना प्लॅन, जुन्याच दरात.
सकाळपासून कुठंच नव्हता तो.
शेठ एवढे हसले
की पॅकिंगमधली सावित्रा डोकावून गेली.
"गिऱ्हाईक तिसरी पायरी उतरलं
की आपण मारतो तीच हाक!
या की ताई, बसा की,
तुमचं राहू द्या, आमचं राहू द्या."

पाच जागांचे पैसे जात होते.
मी, इरफान, गेटवरचा हजेरीचा संगणक, शेठ,
आणि गुरुनाथ चिट्टे,
जो फेब्रुवारीतच निवृत्त झाला.
आठ महिने आम्ही त्याच्या रिकाम्या खुर्चीचं भाडं भरलं.
नाव काढायला गेले तर विचारलं :
या सदस्याच्या फायली कुणाला द्यायच्या?
मी माझं नाव लिहिलं.

जावक, सूतखरेदी, जावक.
आणि एक फाइल, नाव नसलेली, दोन हजार अकरापासूनची :
कुणाला किती उचल दिली, स्वतःच्या खिशातून,
सावित्रा पाचशे, मल्लेशम दोन हजार,
इरफानचे वडील, दवाखाना,
आणि समोरचा 'परत' हा रकाना
खालपर्यंत कोरा.

शेठ विचारत होते, पुढची तारीख कधीची?
भिंतीवरच्या कॅलेंडरला करते म्हटलं लाल गोल.
फाइल उघडीच होती.
अजून तरी तिच्यात लिहिता येत होतं.